अनुभव धागा: मनोऱ्यावर पोचल्यावर आधी काय शोधलंत?

गेल्या महिन्यात हैदराबादला चारमिनार चढलो. वर जो तो बोट लांबवून काहीतरी शोधत होता: आपली गाडी, आपलं हॉटेल, मागे राहिलेली सासू. जुन्या शहरातल्या एखाद्या मनोऱ्यावर तुम्हीही चढला असाल तर लिहा. गडकिल्ल्यांचे बुरुज मात्र नकोत, नाहीतर धागा राजगडावरच संपेल.

काचीगुडा, हैदराबाद:
आम्ही इथले तीन पिढ्यांचे, म्हणूनच चाळिशीपर्यंत चढलो नव्हतो. नांदेडची आत्या आली आणि म्हणाली, "मला वर ने." आपल्याला पहिल्या मजल्यापर्यंतच सोडतात, पण तेवढंही पुरतं. जिना गोल, अंधारा, जेमतेम एका माणसाचा. आत्या एका हातात निऱ्या धरून, दुसरा तळवा भिंतीला टेकवत, पायरीगणिक "विठ्ठला" करत चढली. मध्येच वरून एक कुटुंब उतरलं, तेव्हा सगळ्यांनी भिंतीला पाठ लावून पोटं आत घेतली.

वर मी माहिती द्यायला लागलो: १५९१ साली मुहम्मद कुली कुतुबशाहानं बांधला, ती मक्का मशीद, उत्तरेला गुलजार हौज, त्याच्याभोवती चार कमानी. आत्याचे डोळे पश्चिमेला, लाड बाजारात. "ते हिरव्या पडद्याचं दुकान बघ, केवढी गर्दी! आपण गेलो तिथं कुत्रं नाही. तरीच म्हटलं, बांगड्यांना एवढे पैसे कसे लागले." उतरल्यावर आधी हिरवा पडदा.

पुणे:
दिल्ली, जामा मशिदीचा दक्षिणेकडचा मिनार. वर चौघांत पाचवा मावत नाही. लाल किल्ला दिसतो, पण मी गच्च्याच बघत बसले. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या रजया, आणि शिट्टी मारून कबुतरं परत बोलावणारा एक मुलगा.

डोंबिवली:
इस्तंबूलचा गलाता, जिनोआवाल्यांनी १३४८ साली बांधलेला. पण तिथं लिफ्ट आहे. चालेल का?

धागाकर्ता:
चालेल. गुडघे दुखले नसतील तर अर्धेच मार्क.

बोलोन्या, इटली:
मी न चढलेल्या मनोऱ्याचं लिहिते. आझिनेल्ली: ९७ मीटर, ४९८ पायऱ्या, आत लाकडी जिना. पदवीआधी जो चढतो त्याला पदवी मिळत नाही, अशी इथल्या विद्यार्थ्यांची समजूत. मी कसली मानते! पण चढले नाही. २०२३च्या मे महिन्यात आईबाबा आले, ते दोघं वर गेले आणि मी खाली पिशव्या सांभाळत बसले. बाबांचा वरून फोन: "तुझी खोली कुठली गं? इथं सगळी कौलं लालच आहेत. गॅलरीत काय वाळत घातलंयस ते सांग."

"निळा टॉवेल."

"निळे पाच दिसतायत."

ऑक्टोबरात शेजारच्या कललेल्या गॅरिसेंडाचा धोका वाढला म्हणून आझिनेल्लीही बंद झाला. मला पदवी मिळाली पुढच्या मार्चमध्ये.