खंदक १० फूट, फळ्या साडेनऊ फूट: मॉडेल जमत नाही

कोथरूडकर: मुलांच्या गणित मंडळासाठी कोडं आहे. चौकोनी बेट, भोवती १० फूट रुंद चौकोनी खंदक, ९.५ फुटांच्या दोन फळ्या, खिळे-दोरी नाही; बाहेरून बेटावर पोचायचं. १ फुटाला १ सेंमी धरून मॉडेल केलं, पण दुसरी पट्टी बेटाला टेकत नाही. का?

काटकोन: पहिली फळी बाहेरच्या काठाच्या कोपऱ्यात ४५ अंशांत आडवी ठेवा. तिचा मध्य कोपऱ्यापासून ४.७५ फुटांवर येतो. तिथून दुसरी थेट बेटाच्या कोपऱ्याकडे: एकूण १४.२५. कोपरा ते कोपरा १०√२, म्हणजे १४.१४. सूट उरते ०.११ फूट, मॉडेलमध्ये जेमतेम १ मिमी! कापताना तेवढं जातंच. पट्ट्या ९.७ सेंमीच्या घ्या, ४ मिमी मिळतील. किमान लांबी खंदकाच्या ०.९४३ पट, त्याखाली ही युक्ती चालत नाही.

सदाशिवपेठी: आइस्क्रीमच्या काड्या असतील तर जपून. रुंदीमुळे पहिली काडी बेटाकडे आणखी सरकवता येते, पण मग ती कोपऱ्याकडच्या कडेच्या दोन टोकांवरच टेकते आणि दुसरीचं वजन पडलं की उलटते. मुलं ही पळवाट शोधणारच; शोधू द्या. अप्पा बळवंत चौकातून जाड पुठ्ठा आणून अर्धा सेंमी रुंद पट्ट्या कापा.

कोथरूडकर: आणि खंदक गोल असेल तर?

काटकोन: बेटाची त्रिज्या १० फूट असेल तर पहिल्या फळीचा मध्य काठापासून ०.५७ फूट आत. एकूण १०.०७. कागदावर सुटतं, पुठ्ठ्यावर नाही.