फोनच्या नव्या मॉडेलची सगळ्यांना खबर, पवईतल्या उपचाराची का नाही?

लिंबोणी
परवा बहिणीकडे जेवायला गेले होते. बाजारात येऊ घातलेल्या फोनची सगळी माहिती भाच्याला तोंडपाठ: कॅमेरा, बॅटरी, किती मिनिटांत चार्ज होतो. मी विचारलं, "नेक्सकार19 ऐकलंयस?" तर म्हणाला, "कुठल्या कंपनीची गाडी?" मुलगा भांडुपला राहतो, पवई तिथून हाकेच्या अंतरावर. पवईची आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल कर्करोग रुग्णालयाच्या लोकांनी मिळून देशातला पहिला कार-टी उपचार उभा केला, त्याचं ते नाव. ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली, 4 एप्रिल 2024 ला राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झालं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रक्ताच्या काही कर्करोगांत रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, काढून घेतात आणि त्यांत एक जनुक घालतात. मग कर्करोगाच्या पेशीवरची सीडी19 नावाची खूण त्यांना ओळखता येते. अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा शिरेतून देतात. अमेरिकेत याला तीन-चार कोटी रुपये लागतात, इथं तीस-चाळीस लाखांच्या घरात.

गेल्या चार वर्षांत माझ्या फोनमध्ये नक्की काय बदललं, मला सांगता येणार नाही. जीवशास्त्रात त्याच काळात केवढ्या गोष्टी झाल्या! तरी जेवणाच्या ताटावर चर्चा फोनचीच. मला हे मनापासून खुपतं.

खटपट्या
ताई, जळगावला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून जरा बोलतो. भाच्याला दोष देऊ नका. फोन तो स्वतः निवडतो, हातात धरून बघतो, हप्त्यानं घेतो. औषध कोण निवडतं? डॉक्टर. आणि ते कधी कळतं? घरावर आभाळ कोसळल्यावर. ज्या वस्तूची माहिती असून आज काही करता येत नाही, ती माहिती माणूस कशाला साठवून ठेवेल?

तीस-चाळीस लाख तुम्हाला स्वस्त वाटतात. आमच्याकडे तेवढ्यात शेत जातं. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, यूपीआय आलं आणि भाजीवालीच्या हातात तंत्रज्ञान आलं. माझ्या दुकानात एक काका येतात. त्यांना ऐकू येत नाही. मुलगी नाशिकला आणि दोघंही खुणांनी बोलतात, त्यामुळे साधा फोन त्यांच्या काही कामाचाच नव्हता. व्हिडिओ कॉल आला तेव्हा लेक सासरी गेल्यापासून पहिल्यांदा ते तिच्याशी घरबसल्या बोलले. याला कोणी नवलाई म्हणणार नसेल तर मला शब्दच बदलावा लागेल.

लिंबोणी
काकांची गोष्ट मान्य, शंभर टक्के. पण खटपट्याभाऊ, पहिला मोबाइलही श्रीमंताचाच होता. लोकांनी मागणी केली म्हणून तो खाली उतरला. ज्याची चर्चाच नाही, त्याची मागणी कोण करणार?

पिपेट
मी पुण्यात एका प्रयोगशाळेत पीएचडी करतेय, पेशींवरच काम आहे. लिंबोणीताईंच्या बाजूची आहे, पण फोनसारखी मागणी केली की जैवतंत्रज्ञान फोनसारखं खाली उतरेल, हे पटत नाही.

फोनचं सॉफ्टवेअर बिघडलं तर रात्री अपडेट येतं. शरीराला अपडेट पाठवता येत नाही. 'जमेल तसं बाजारात आणू, चुका मागाहून निस्तरू' ही वृत्ती रक्ताच्या चाचणीत आणली की काय होतं, ते अमेरिकेत थेरानोस नावाच्या कंपनीनं दाखवलं. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तात ढीगभर चाचण्या, दिसायला सुबक यंत्र, गुंतवणूकदारांची रीघ. यंत्राला ते जमतच नव्हतं. चुकीचे रिपोर्ट खऱ्या माणसांच्या हातात पडले आणि 2022 मध्ये संस्थापिका न्यायालयात दोषी ठरली.

उलट आमच्याकडे वेळ लागतो म्हणजे किती? कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांचा एमआरएनएवरचा (पेशीला प्रथिन बनवायची सूचना नेणारा रेणू) कळीचा शोधनिबंध 2005 चा. बहुतेकांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यावर आधारलेली कोविडची लस आली 2020 ला, नोबेल 2023 ला. कार-टीचंही तेच: पहिल्या लहान मुलीवर उपचार 2012 मध्ये, अमेरिकेत परवानगी 2017 मध्ये, आपल्याकडे 2023.

आणि इथली रोजची स्थिती सांगते. प्रयोगाला लागणारं एन्झाइम परदेशातून मागवायचं, ड्राय आइसमधलं खोकं विमानतळावर अडकलं की आत पोचेपर्यंत बर्फ उडून गेलेला. मागच्या वर्षी असं दोनदा झालं. फेलोशिप सात महिने आली नाही. माझ्या वर्गातले तिघं संगणकाच्या कंपन्यांत गेले, दोष कसा देऊ? पहिल्या तारखेला पगार होतो त्यांचा.

मावळतीकर
थोडं कडू बोलतो. आपण ज्याला जैवतंत्रज्ञानातलं नावीन्य म्हणतो, ते बहुतांशी दुसऱ्याचं स्वस्तात करून देणं आहे. 1997 मध्ये हैदराबादच्या शांता कंपनीची हेपटायटिस-बीची लस आली, 2010 मध्ये पुण्याच्या सीरम कंपनीची आफ्रिकेसाठीची मेंदूज्वराची लस. दोन्ही फार मोलाची कामं, पण मूळ कल्पना आपली किती? कार-टीही मूळची बाहेरचीच. भाच्याला त्याचं अप्रूप नाही, तर मला त्याचं नवल वाटत नाही.

पिपेट
मावळतीकर, इथं मी कडाडून विरोध करणार. ती मेंदूज्वराची लस आफ्रिकेतल्या देशांना अर्ध्या डॉलरच्या आत हवी होती. मोठ्या कंपन्यांना त्यात नफा दिसेना. लसीतले घटक एकमेकांना जोडायची पद्धत अमेरिकेतल्या सरकारी शास्त्रज्ञांनी दिली, पण ती कारखान्यात, लाखो कुप्यांत, त्याच गुणवत्तेची आणि त्या किमतीत बसवली पुण्यात. ते करून बघा म्हणजे कळेल त्यात कल्पना किती लागते. पवईतही पेशीत जनुक नेणारा विषाणू-वाहक इथेच तयार केला, किंमत उतरण्यात त्याचा मोठा हात आहे. किंमत पाडणं हे शोधाच्या शेपटाला लावलेलं काम नव्हे, तो स्वतंत्र शोध आहे.

मावळतीकर
लसीचं मान्य करतो. 'पहिला' आणि 'परवडणारा' यांत मी पहिल्यालाच मान देत आलो, ती माझी सवय असेल. पण पहिलं काही इथून निघावं ही आस मी सोडणार नाही.

वैनगंगा
उशिरा वाचलं. मी पूर्व विदर्भात आरोग्यसेविका आहे. आमच्याकडचा आजार सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक रक्ताचा आजार, गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी भागांत घरटी माहीत असलेला. ब्रिटन-अमेरिकेत 2023 च्या अखेरीस त्यावर क्रिस्परचा, म्हणजे जनुकात नेमकी कात्री लावायच्या तंत्राचा, उपचार मंजूर झाला. रक्त बनवणाऱ्या मूळपेशी काढून जनुकात बदल करतात, मग गर्भात असताना बनणारं हिमोग्लोबिन शरीर पुन्हा बनवू लागतं. किंमत 22 लाख डॉलर. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आनंदानंही आणि त्या किमतीनंही.

पण तुम्ही सगळे दोन टोकांवर बोलताय. आमच्या कामाची खरी वस्तू या दोन्हींच्या मधली आहे. गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट यंत्र बघा. क्षयाच्या जंतूंचं जनुक शोधणारी पीसीआर तपासणी, बॅटरीवर चालते, टेबलावर मावते, तासाभरात निकाल. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची शिफारस केली. वीज गेली तरी थुंकीचा नमुना वाया जात नाही. त्याला जैवतंत्रज्ञान म्हणायचं की खिशातल्या फोनचं भावंड? ते ठरवायला मला सवड नाही, मला ते यंत्र चालू हवं.

आणि सिकलसेलला हायड्रॉक्सीयुरिया ही जुनी, स्वस्त गोळी आहे. रोज घेतली की दुखण्याचे झटके कमी होतात. माझ्या यादीत एसएस पॅटर्नची, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलेली, मुलं आहेत. गोळी आहे तोवर शाळेत जातात, संपली की कण्हत घरी पडून असतात. या गोळीची चर्चा ना फोनवाले करतात, ना क्रिस्परवाले.

खटपट्या
मुलांना गोळी घ्यायची आठवण फोनवर लावून देता का?

वैनगंगा
हो दादा, गजर लावून देते. एका मुलीच्या आजीला वाचता येत नाही, तर माझ्याच आवाजातला निरोप रोज रात्री आठला वाजतो. तिथं फोन लागतोच.

लिंबोणी
वैनगंगाताई, मी भाच्याला आजच हा धागा वाचायला देते. एक विचारू? आत्ता गोळ्या आहेत का तुमच्याकडे?

वैनगंगा
आठ दिवसांच्या. पुढच्या कधी येणार, ते विचारायला उद्या सकाळच्या एसटीनं जातेय.