इंदूर: सहा वर्षांची मुलगी, गणिताला सोबत हवी

लेक पहिलीत आहे. जेवताना आजीला समजावते, ९१ मूळ संख्या नाही, सात तेरे एक्क्याण्णव. वर्गात मात्र पन्नासपर्यंत अंक लिहायला लावले की रडते. मला स्पर्धा नकोत, तिच्याशी बोलणारं कुणी हवंय.

— ताई, पुण्याची ज्ञानप्रबोधिनी १९६२पासून प्रज्ञावंत मुलांसाठी काम करते. त्यांना लिहून पाहा.

— बुद्धी पुढे धावली तरी मन सहा वर्षांचंच असतं. वर्ग तोच ठेवा. फक्त गणिताच्या तासाला तिसरी-चौथीत बसू देतील का, विचारा. राष्ट्रीय गणित ऑलिंपियाड स्पर्धेची पहिली पायरी आठवीपासून, आत्ता तो विषयच नको. मी निवृत्त गणित शिक्षिका, स्नेहलतागंजला राहते. रविवारी आणा तिला, आजीलाही.

— काकू, नक्की येतो! शाळेत सोमवारीच विचारते.