मदत हवी आहे : टेक्ससमध्ये मासेमारीत मुद्दाम अडथळा

ह्यूस्टनजवळच्या लेक कॉनरोवर बाबांना घेऊन गळ टाकायला जातो. लायसन्स आहे, होडी सार्वजनिक पाण्यातच असते. तरी काठावरच्या बंगल्यातले एक गृहस्थ आम्ही दिसलो की जेट स्की काढतात आणि आमच्या दोऱ्यांवरूनच घिरट्या घालतात. बाबांचा पडलेला चेहरा बघवत नाही.

टेक्ससच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ कोडच्या कलम ६२.०१२५ नुसार असा हेतुपुरस्सर अडथळा हा गुन्हा आहे. १८० दिवसांपर्यंत कैद, २००० डॉलरपर्यंत दंड. कुणी गेम वॉर्डनकडे (शिकार-मासेमारीचे कायदे राबवणारा अधिकारी) अशी तक्रार केली आहे का? मोबाइलवरचा व्हिडिओ पुरावा म्हणून चालतो? आणि गळ चुकून त्यांच्या खासगी डॉकखाली (होडी बांधायच्या धक्क्याखाली) गेला, तर आपली बाजू लंगडी पडते का?