मदत हवी आहे: मुंबईत सोफ्रॉलॉजी कोणी शिकवतं का?

नमस्कार मंडळी. ठाणे ते दादरच्या पट्ट्यात सोफ्रॉलॉजी शिकवणारं कोणी माहीत आहे का?

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: आल्फोन्सो कायसेदो या कोलंबियन डॉक्टरांनी १९६० मध्ये स्पेनमध्ये मन आणि शरीर शांत करण्याची ही पद्धत सुरू केली. पुढे ते भारतात आणि जपानमध्ये राहून योग, तिबेटी बौद्ध साधना, झेन शिकले आणि त्यावरून व्यायाम बसवले. संथ श्वास, अंग ताणून सैल सोडणं, मग डोळे मिटून एखादा प्रसंग शांतपणे डोळ्यांसमोर आणणं. फ्रान्स, स्वित्झर्लंडमध्ये बाळंतपणाच्या किंवा परीक्षेच्या तयारीलाही वापरतात. आमचे हे म्हणतात, आपलाच माल परदेशातून फिरून आलाय! असेल बापडा. पण यातलं बरंचसं उभ्याने किंवा खुर्चीत बसून करता येतं, आणि मला तेच हवंय. शवासनात मी सरळ घोरायला लागते.

कामाचा ताण आहे, रात्री झोप धड लागत नाही. डॉक्टरांना दाखवलंय, औषधाची गरज नाही म्हणाले.

योगनिद्रा आणि हे, दोन्ही केलेलं कोणी आहे का इथे? प्रत्यक्षात किती फरक जाणवतो? मराठीतून किंवा हिंदीतून सूचना देणारं कोणी असेल तर उत्तमच, ऑनलाइनही चालेल. सासूबाईंनाही करायचंय, त्यांना बीपी आहे. श्वास रोखायचे प्रकार त्यांनी टाळावेत ना?

सांताक्रूझच्या योगा इन्स्टिट्यूटचं नाव कृपया सुचवू नका, तिथे जाऊन आलेय. छान आहे, पण लोकल बदलत रोज जमणार नाही.