विषय: घाना ४ दिवस, कुमासी सोडावं का?

मंडळी नमस्कार,
ईस्टरच्या सुट्टीत लागोसहून घानाला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, लेक (वय ११) आणि पुण्याहून आलेले आईबाबा. २ दिवस अक्रा, एक दिवस केप कोस्टचा किल्ला आणि त्याच दिवशी काकुमच्या जंगलातले झुलते पूल, शेवटचा दिवस बीचवर. कुमासी लांब म्हणून कटाप. बाबांचे गुडघे दुखतात, आई शुद्ध शाकाहारी. कुणी जाऊन आलंय का?
- इकेजाहून

---

अरे, तुझा मेल वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले, कारण आम्ही ९ वर्षं अक्राजवळ तेमाला होतो आणि पाहुणे आले की दरवेळी हीच चूक करायचो.

अक्राला एकच दिवस ठेव. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचं स्मारक बघा, जुन्या पोलो ग्राउंडवर आहे, ६ मार्च १९५७ ला तिथेच त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. मग जेम्सटाउनचं दीपगृह, आणि कापड घ्यायचं तर मकोला मार्केट. बीचचा दिवस काढूनच टाक, समुद्र लागोसलाही आहे की.

आता किल्ल्यांचं. आपल्याला किल्ला म्हटलं की जंजिरा-सिंधुदुर्ग आठवतात, डबा घेऊन हुंदडायला जातो, तसं इथे नाही होत. केप कोस्टपासून अर्ध्या तासावर एल्मिना आहे तेही बघाच. पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधलं, म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरायच्या १६ वर्षं आधी. सुरुवातीला सोन्याचा व्यापार होता, नंतर माणसांचा. बायकांना कोंडायच्या तळघरासमोर अंगण आहे आणि वर गव्हर्नरची बाल्कनी, तो तिथून खाली बघून बाई निवडायचा. केप कोस्टला पुरुषांच्या तळघराच्या डोक्यावर चर्च. लेकीला आदल्या रात्री शांतपणे सगळं सांगून ठेव, आम्ही आमच्या मुलाला काही न सांगता नेलं आणि तो त्या अंधारात रडायला लागला, मला अजून वाईट वाटतं. तिथून निघून त्याच दिवशी काकुमला जाऊन पुलांवर फोटो काढणं मला तरी जमलं नसतं. काकुमला दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जा. ७ पूल आहेत, जमिनीपासून ४० मीटरपर्यंत उंच, पण तिथे पोचायलाच दगडी चढ आहे तेव्हा बाबांना खालीच बसू दे. केप कोस्टच्या तळघरातही उतार आणि काळोख आहे, त्यांचा हात धरा.

आणि कुमासी सोडू नकोस प्लीज. एल्मिनाला वरच्या मजल्यावर एक खोली दाखवतात, कुमासीच्या असांते लोकांचा राजा पहिला प्रेंपेह याला इंग्रजांनी १८९६ मध्ये पकडून तिथे ठेवलं होतं, पुढे सिएरा लिओन आणि मग थेट सेशेल्स. १९२४ ला परत आला. त्याच्यासाठी इंग्रजांनी कुमासीत घर बांधलं, पण असांते लोकांनी त्याचे पैसे चुकते केल्यावरच तो राहायला गेला! तेच घर आज मानशिया पॅलेस म्युझियम आहे. ती खोली बघून तसंच अक्राला परत फिरलात तर तो घरी आलाच नाही असं होईल ना. केप कोस्टवरून कुमासीचा रस्ता धर, वाटेत असिन मान्सो लागतं, गुलामांना किल्ल्यात नेण्याआधी शेवटची आंघोळ घालायची ती नदी. १९९८ मध्ये अमेरिका आणि जमैकातून दोन गुलामांचे अवशेष आणून तिथे पुरलेत. तिथे मी बराच वेळ नुसती उभी होते. कुमासीहून अक्राला विमानाने या, पाऊण तास लागतो.

अजून एक. १८७४ च्या युद्धात इंग्रजांनी लुटलेलं थोडं असांते सोनं २०२४ मध्ये मानशियाला आलं, पण उसनं, ३ वर्षांच्या बोलीवर. देणाऱ्यांत लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमही आहे, ज्यांनी त्याच वर्षी वाघनखं महाराष्ट्राला ३ वर्षांसाठी दिली. आईबाबांना हे नक्की सांग.

यलो फीव्हरचं कार्ड विसरू नका. आणि डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नका, तिथेही आपल्यासारखंच मानतात.
- तेमावाली काकू

---

काकू, मी रत्नागिरीचा. प्रेंपेहचं वाचून थिबा पॅलेस डोळ्यांसमोर आला. ब्रह्मदेशचा राजा, १८८५ मध्ये राज्य गेलं, इंग्रजांनी आमच्या गावी आणून ठेवला आणि १९१६ ला तिथेच गेला, परत जाणं नशिबी नव्हतं. शाळेत असताना त्या आवारात क्रिकेट खेळायचो, कधी असा विचारच केला नाही. प्रेंपेह परत गेला हे वाचून खूप बरं वाटलं.

---

काकू, एक दिवस वाढवला, कुमासी फिक्स! बाबा थिबाचं वाचून म्हणाले आता मला ते घर बघायचंच आहे. आईच्या जेवणाचं काय करू?
- इकेजाहून

---

छान केलंस! रविवारी कुमासीत असाल तर अक्वासिदाए हा सण त्या दिवशी येतो का बघ, दर ६ आठवड्यांनी असतो, असांतेहेने, म्हणजे असांते राजे, स्वतः दरबारात बसतात.

आईंसाठी वाचे, म्हणजे भात आणि चवळी एकत्र शिजवलेली, पण वर काळी शितो चटणी घालतात त्यात सुके मासे असतात, ती नको म्हणून आधीच सांगायचं. रेड-रेड म्हणजे पाम तेलातली चवळीची उसळ, तिच्यातही कधी सुक्या मासळीची पूड घालतात, विचारून घ्या. केलेवेले आवडेल त्यांना, पिकलेल्या केळ्याचे तुकडे आलं-मिरची लावून तळतात, फक्त तेल वेगळं आहे ना तेवढं बघा. आणि दशम्या बरोबर असू देत, कुमासीच्या रस्त्यात काही मिळेलच असं नाही.
- काकू