आईला बसून करता येईल असं परडं

खानापूरकर: आईचे दोन्ही गुडघे गेलेत, वॉकरशिवाय चालवत नाही. पण परडं सोडायला तयार नाही. बाजारची मेथी आणली की नाक मुरडते. खुर्चीत बसून खुरपं चालवता येईल असे वाफे कसे करू? पावसात आमच्याकडं नुसता चिखल.

शहापूरची सून: चिऱ्याचा भरीव वाफा बांधू नका, पाय आत जात नाहीत, कडेनं वाकडं बसावं लागतं. सासऱ्यांसाठी आम्ही वेल्डरकडून टेबलासारखा सांगाडा करून घेतला, वर ट्रे. खाली गुडघ्यांना 70 सेंमी मोकळं. एकाच बाजूनं बसणार तर रुंदी 60 सेंमीच्या आत, नाहीतर पलीकडची कोथिंबीर नुसती बघायची! नुसती लाल माती भरू नका, भिजली की फार जड होते. शेणखत, कोकोपीट घाला, तळाला भोकं पाडा. मेथी, लाल माठ झकास येतो. वांगं नको, डोक्याच्या वर जातं.

निपाणीचा गडी: आधी चालायची वाट नीट करा की! 90 सेंमी तरी रुंद, खडबडीत काँक्रीटची. गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरतं, मग वॉकर सटकलाच.

खानापूरकर: आणि दोडक्याचा मांडव?

शहापूरची सून: मांडव कशाला? भिंतीला जाळी लावा, वेल खांद्याच्या उंचीला आला की शेंडा खुडायचा.